हौद क्रमांक तीन

माझ्या नणंदेला ऑफिसात पाठीमागे 'गाळणी' म्हणतात, आणि हे तिला ठाऊक आहे. "म्हणू देत. काम तेच आहे माझं," एवढंच ती म्हणाली. तिच्या जागी मी असते तर एकेकाच्या झिंज्या उपटल्या असत्या. मला राग आला की घरातल्या भांड्यांनासुद्धा कळतं. ताईला राग आला की ती पेन्सिलीला टोक करत बसते. तिच्या टेबलाच्या खणात अशा टोकदार पेन्सिली किती असतील ते विचारू नका.

काम समजून घ्या, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. शहराच्या पर्यावरण विभागात ताई छाननीच्या टेबलावर बसायची. कुणी जुनी इमारत नाहीतर जुना कारखाना पाडून नवं बांधायचं म्हटलं की अर्ज आधी तिच्याकडे. तिने एकच ठरवायचं, या कामाला छोटा दाखला पुरे की पूर्ण पर्यावरण अभ्यास लागणार. छोटा दाखला म्हणजे चार पानं, दोन सह्या, लागा कामाला. पूर्ण अभ्यास म्हणजे माती-पाणी खणून मोजायचं, वर जनसुनावणी, त्यात दीड-दोन वर्षं सहज जातात. अर्जात बावीस प्रश्न असतात. एकाचंही उत्तर 'हो' आलं की पूर्ण अभ्यास. म्हणून बिल्डर लोक बावीसच्या बावीस 'नाही' लिहून आणतात, आणि त्यातलं खोटं 'नाही' ताईने शोधायचं. मुदत तीस दिवसांची. तीस दिवसांत तिने काही लिहिलं नाही तर छोटा दाखला मिळाला असंच धरतात. आणि छाननीत फक्त कागद चालतो. आठवण, ऐकीव गोष्ट, शेजाऱ्याचं म्हणणं, यातलं काही चालत नाही.

आता घरचं सांगते. मी लग्न होऊन आले तेव्हा माझे सासरे, म्हणजे मामंजी, क्रोमच्या हौदावर कामाला होते. नळाच्या तोट्या, सायकलींची हँडलं, दाराच्या कड्या, सगळ्याला चकाकी देणारा प्लेटिंगचा कारखाना होता तो. हौदातून पिवळट वाफ यायची, ती या माणसाने एकोणीस वर्षं छातीत घेतली. नाकाच्या मधल्या पडद्याला आरपार भोक पडलेलं. श्वास घेताना बारीक शिट्टी वाजायची. नवी नवरी मी, मला वाटायचं किटली उकळतेय, पहिल्याच दिवशी दोनदा गॅस बघून आले. तिसऱ्यांदा उठले तेव्हा मामंजीच म्हणाले, "बस गं. मीच वाजतोय." आणि हसले. असा माणूस होता.

त्यांची छाती कफाने भरली, चार दिवस घरी राहिले आणि पाचव्या दिवशी कारखान्यातून पत्र आलं. वारंवार गैरहजर, मद्यपी, नाकाचा विकार स्वतःच्या घाणेरड्या सवयींमुळे, कारखान्याचा काही संबंध नाही, उद्यापासून येऊ नये. मद्यपी म्हणे! आयुष्यात थेंबाला शिवला नव्हता तो माणूस. खाली खुद्द मालकाची सही. मामंजींनी पत्र वाचलं, तुकडे केले आणि कचऱ्यात टाकले. ताई तुकडे उचलायला वाकली तर त्यांनी तिचा हात धरला. "राहू दे. ते घरात नको," म्हणाले. तीन वर्षांनी गेले. शेवटचे सहा महिने त्यांना आडवं होता येत नव्हतं, उशांना टेकून बसल्या बसल्या झोपायचे.

ताईने शपथ वगैरे काही घेतली नाही. तिने बँकेची आलेली नोकरी नाकारली, रसायनशास्त्राची पदवी पुरी केली आणि पर्यावरण विभागाची परीक्षा दिली. दोनदा नापास झाली, तिसऱ्यांदा पास. आलेली स्थळं एकामागून एक परतवली. मग बारा वर्षं छाननीच्या टेबलावर बसून राहिली. बढती आली, नको म्हणाली. आमचे हे म्हणायचे, "माझी बहीण वेडी आहे." यांना काय कळतंय! कारखाना तोवर बंद पडला होता. जागा मोक्याची, नुसती पडून होती. आज ना उद्या तिथे कुणीतरी टॉवर उभे करणार आणि तो अर्ज याच टेबलावर येणार, हे ताईला पक्कं माहीत होतं. बाई वाट बघत बसली होती.

गेल्या वर्षी एके संध्याकाळी ती घरी आली, पर्स ठेवली, उभ्यानेच पाणी प्यायली आणि मला म्हणाली, "आली."

"कोण आली?"

"फाइल."

माझं दुकान घरातच पुढच्या खोलीत आहे, कपडे उसवून-शिवून द्यायचं. हातात कुणाची तरी पँट होती, ती तशीच खाली ठेवली. वीस-वीस मजल्यांचे दोन टॉवर, ताई सांगत होती. तळमजल्यावर बालवाडी, बाहेर मुलांना खेळायला वाळूचा चौक. अर्जावर मालकाचीच सही, जमीन अजून त्याच्या नावावर आहे ना. बांधकाम त्याचा मुलगा बघणार. आणि सातवा प्रश्न असा, की या जागी पूर्वी घातक रसायनांचा वापर वा साठवण झाली आहे काय?

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

"नाही. पूर्वीचा वापर, नळाच्या सामानाचं गोदाम."

"गोदाम? त्याच्या तोंडाला काळं फासलं पाहिजे मेल्याच्या! लिही तू 'हो' आणि टाक पूर्ण अभ्यासाला!"

"कागद कुठाय?" ताई म्हणाली.

कागद नव्हता. परवान्यांचं जुनं दप्तर तळघरात होतं, तिथे पाणी शिरून त्याचा लगदा झालेला. कामगारांना कार्ड कधी दिलीच नव्हती. एक पत्र होतं, ते मामंजींनी फाडलेलं. दुसरी अडचण त्याहून वाईट. अर्जदाराशी ज्याचा घरोब्याचा किंवा वैराचा संबंध असेल त्या अधिकाऱ्याने फाइल लेखी सोडून द्यावी, असा नियम आहे. ताईने सोडली असती तर ती गेली असती शेजारच्या टेबलावरच्या 'होयबा'कडे. हा गृहस्थ शेवटी जो बोलेल त्याला मान डोलावतो. ताईने फाइल सोडली नाही. संबंध आहे हे कुणाला सांगितलंही नाही. चूक होती, मला मान्य आहे. पण मी तिला अडवलं नाही, उलट पाठ थोपटली. बालवाडीतल्या मुलांची काळजी आम्हाला होती, नव्हती असं नाही, पण खोटं कशाला बोलू? आम्हाला सूड हवा होता. त्या म्हाताऱ्याने भर सभेत बसून ऐकायला हवं होतं की त्याच्या हौदांनी काय केलं, आणि तसं व्हायला जनसुनावणी हवी, जनसुनावणीला पूर्ण अभ्यास हवा.

सहाव्या दिवशी मालक स्वतः मुलाला घेऊन ऑफिसात आला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, काठी टेकत. ताईच्या टेबलावर तिच्या नावाची पाटी आहे, त्यावर आडनाव आहे. त्याने ती वाचली, ताईने बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

"एकोणीस वर्षं बाबांनी त्याच्या हाताखाली काढली," घरी येऊन ताई मला सांगत होती, "आणि त्याला आडनावसुद्धा आठवेना. मला विचारतो, बाई, तुम्ही इथल्याच का? मी म्हटलं, हो, इथलीच." त्या दिवशी तिने चार पेन्सिलींना टोकं केली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

मग ती मातीच्या अहवालाला चिकटली. अर्जासोबत आठ ठिकाणच्या मातीचा तपास जोडलेला होता, सगळी माती निर्मळ. ताई तो अहवाल रोज घरी आणून वाचायची. पंधराव्या दिवशी तिचं बोट एका ओळीवर थांबलं. आठही ठिकाणी दीड मीटरपर्यंत लाल, भुसभुशीत माती. "त्या भागात चिकण काळी माती आहे गं. तीही काँक्रीटच्या खाली. लाल माती आली कुठून?" आणि मग तिनेच सांगितलं. भोकं पाडणारी माणसं काँक्रीट फोडायचा कंटाळा करतात. यंत्राची गाडी जिथे सोपी लागेल तिथे लावतात. फ्लॅट विकायला त्या जागेत कचेरी थाटली होती आणि तिच्या कडेने फुलांचे वाफे केले होते. वाफ्यांना माती बाहेरून आणलेली. यांनी वाफ्यांतली माती तपासून आणली असणार.

"मग जाऊन बघू," मी म्हटलं.

"आधी नोटीस द्यावी लागते. नोटीस दिली की ते सगळं साफ करतील."

"फ्लॅट बघायला जायला नोटीस लागते का?"

तिने माझ्याकडे बघितलं. ही फाइल येईपर्यंत बारा वर्षांत एक नियम न मोडलेली बाई, पण मोडायचं ठरवलं तर क्षणात ठरवलं.

रविवारी सकाळी आम्ही दोघी चांगले कपडे घालून गेलो. विक्रीच्या कचेरीत थंडगार हवा, काचेच्या पेटीत टॉवरची छोटी प्रतिकृती, आत कापसाची झाडं. ताई "जरा मोकळ्या हवेत फिरते" म्हणून बाहेर सटकली. मी त्या विक्रीवाल्या मुलीला बोलण्यात गुंतवून ठेवायचं, असं ठरलेलं. सगळं झक्क चाललं होतं. आणि मग त्या भवानीने माझ्या चपलांकडे बघितलं आणि म्हणाली, "मॅडम, तुमच्यासाठी एका खोलीचा छोटा फ्लॅट आहे, मागच्या बाजूला, जरा अंधार असतो." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने भेट देणाऱ्यांची वही पुढे केली. नाव, पत्ता, घरातल्यांचा व्यवसाय. मी ठसठशीत अक्षरात लिहिलं, खरं नाव, खरा पत्ता, आणि व्यवसायाच्या रकान्यात, 'नणंद पर्यावरण विभागात छाननी अधिकारी'. घे म्हटलं! मुलीचा आवाज लगेच मऊ झाला. मला काय गोड वाटलं म्हणून सांगू. अक्कल गहाण ठेवणं म्हणतात ते हेच, पण ते कळायला मला पाच दिवस लागले.

वाफ्यांत आठ भोकं होती, प्लास्टिकची झाकणं लावलेली. ताईने मोजली. घरी येताना ती गाणं गुणगुणत होती, मी तर चाटच पडले. नवी माती तपासून आणा, काँक्रीटखालची, असा शेरा ती लिहायला घेणार होती.

एकविसाव्या दिवशी साहेबांनी तिला खोलीत बोलावलं. मालकाकडून लेखी हरकत आली होती, की छाननी अधिकारी नोटीस न देता, गिऱ्हाईक असल्याचं सोंग करून जागेवर येऊन गेली. सोबत वहीच्या पानाचा फोटो. त्यात माझं अक्षर.

ताई घरी आली तेव्हा मी शिवत होते. तिने तो कागद मशीनवर ठेवला. मी वाचला आणि मशीनवरून उठले.

"ताई, मला वाटलं..."

"तुला वाटलं," ती म्हणाली. "बारा वर्षं मी बसलेय तिथे. तुला एक रकाना मोकळा सोडता आला नाही."

ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पाच दिवस माझ्याशी बोलली नाही. मी चहा द्यायचे, ती घ्यायची, कप धुऊन ठेवायची. मी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायची तेवढी बाकी होते. आमचे हे मधे पडायला गेले, "अगं, होतं असं," तर आम्ही दोघी एकदमच त्यांच्यावर खेकसलो. त्या पाच दिवसांत आमचं एकमत झालं ते तेवढंच.

सव्विसाव्या दिवशी हरकतीचा दुसरा भाग आला. साहेबांनी मालकाकडे पुरावा मागितला होता की या अधिकाऱ्याचं तुमच्याशी वैर आहे असं तुम्ही कशावरून म्हणता. त्यावर मालकाने शपथेवर लिहून दिलं होतं. त्याची प्रत ताईला उत्तरासाठी मिळाली. जेवायच्या टेबलावर बसून तिने ती वाचली. परत वाचली. मग मला हाक मारली, सहाव्या दिवशी पहिल्यांदा.

"इकडे ये. हे मोठ्याने वाच."

मी घाबरत वाचायला लागले. 'सदर अधिकारी महिलेचे वडील माझ्या कारखान्याच्या क्रोम प्लेटिंग विभागात हौद क्रमांक तीनवर कामगार होते. गैरवर्तनामुळे मी त्यांना कामावरून काढले. त्या रागातून सदर महिला माझ्या प्रकल्पास अडथळा आणत आहे. पुरावा म्हणून पत्राची मूळ स्थळप्रत जोडली आहे.' खाली तेच पत्र. मामंजींनी फाडलेलं. मालकाने काढून टाकलेल्या प्रत्येक माणसाच्या पत्राची एक प्रत कपाटात जपून ठेवलेली होती, मी वहीत लिहिलेला घरचा पत्ता आणि पत्रावरचा पत्ता एकच, त्यावरून त्याने नेमकी शोधून काढली. कारखान्याचं नाव छापलेलं, शेडचा पत्ता, 'प्लेटिंग विभाग, हौद क्र. ३', आणि मालकाची सही.

"अगं बाई," मी म्हटलं. "गोदामात हौद कुठून आला?"

ताई हसायला लागली. इतकी हसली की डोळे पुसावे लागले. अर्ज भरला होता एका सल्लागाराने, हरकत लिहिली एका वकिलाने, आणि एकाचा कागद दुसऱ्याने वाचायचा नाही ही मोठ्या लोकांच्या ऑफिसांची रीतच असते. "मला घालवायच्या नादात म्हाताऱ्याने स्वतःच्या हाताने सातव्या प्रश्नाचं उत्तर दिलं," ताई म्हणत होती. तिने दोनदा भात वाढून घेतला. मी तिला मिठी मारायला गेले तर म्हणाली, "तुझ्यावर माझा राग आहेच अजून."

दुसऱ्या दिवशी तिने उत्तर दिलं, तीन वाक्यांचं. 'अर्जदाराची हरकत मला मान्य आहे. त्यातील माझ्या वडिलांविषयीचा व कारखान्याविषयीचा मजकूर शपथेवर दिलेला असून तो फाइलचा भाग आहे. मी फाइल सोडत आहे.' शिक्का मारून पोच घेतली आणि होयबाच्या टेबलावर गठ्ठा ठेवून दिला. तीन दिवस उरले होते.

पुढचं मला ताईच्या ऑफिसातल्या टायपिस्टबाईंनी सांगितलं, त्या माझ्याकडे कपडे घट्ट करायला देतात. होयबा छोटा दाखला द्यायच्या तयारीतच होता, मुलगा येऊन त्याला गोड बोलून गेला होता. पण फाइल घेताना, ती आपल्याकडे का आली हे स्वतःच्या अक्षरात लिहावं लागतं. त्याने लिहिलं, 'आधीच्या अधिकाऱ्याचे वडील याच जागेतील क्रोम प्लेटिंग विभागात कामगार असल्यामुळे.' आणि पान उलटलं तर समोर सातवा प्रश्न, घातक रसायनं होती काय, नाही. आपल्याच अक्षराखाली 'नाही'वर सही करायची? त्याची पाचावर धारण बसली. दोन दिवस त्याला जेवण गेलं नाही म्हणे. तिसाव्या दिवशी चार वाजता त्याने लिहिलं, पूर्ण पर्यावरण अभ्यास आवश्यक.

ताईलाही भोगावं लागलंच. नोटीस न देता गेल्याबद्दल मेमो मिळाला, दोन वर्षं पगारवाढ बंद झाली, आणि छाननीचं टेबल गेलं. तिला रस्त्यांवरची झाडं मोजायला लावलं. उन्हातान्हात हातात फीत घेऊन बुंधे मोजत फिरते. मला तिच्याकडे बघवत नव्हतं. एकदा तसं बोलून दाखवलं तर म्हणाली, "वेडी आहेस. त्या खुर्चीवर असते तर सुनावणीत मला तोंड उघडता आलं नसतं. आता मी कोण? मेलेल्या कामगाराची मुलगी."

सात महिन्यांनी जनसुनावणी झाली, एका शाळेच्या सभागृहात. मालक पहिल्या रांगेत, शेजारी मुलगा आणि वकील. मागे वीस-बावीस म्हातारे कामगार, कोण कुठून आले देव जाणे, ताईनेच झाडं मोजता मोजता शोधून काढले होते. प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं. ताईचा नंबर आला. मला वाटलं ती आता कडाडणार. मी तर बाह्या सरसावूनच बसले होते.

ती माइकपाशी गेली आणि अध्यक्षांना म्हणाली, "मला बोलायचं नाही. अर्जदारांनी माझ्या वडिलांचं एक पत्र फाइलला जोडलंय. ते त्यांनी मोठ्याने वाचून दाखवावं. तीन मिनिटांत होईल."

वकील उठून हरकत घ्यायला लागला. अध्यक्षबाई म्हणाल्या, कागद तुमचाच आहे, वाचायला हरकत कसली? म्हाताऱ्याने चष्मा लावला. मामंजींचं नाव वाचलं, पूर्ण, आडनावासकट. मग पुढचं. 'मद्यपी.' मागच्या रांगेतून कुणीतरी हूं केलं. 'नाकाचा विकार स्वतःच्या घाणेरड्या सवयींमुळे,' इथे त्याचा आवाज जरा खाली आला. मागचा एक कामगार उठून उभा राहिला आणि म्हणाला, "मलापण तीच सवय होती मालक." दुसरा उठला. तिसरा उठला. नऊजण उभे राहिले. मी मोजले.

ताई म्हणाली, "हौद तीन होते ना कारखान्यात? तीन नंबरचा शेवटचा?"

आणि म्हातारा उसळला. एवढा वेळ नाव वाचताना ढिम्म बसलेला माणूस, पण हे त्याला सहन झालं नाही. काठी आपटून म्हणाला, "तीन? पाच होते! या भागात क्रोमचे पाच हौद कुणाकडे होते, सांगा! दोन तर पहिल्या शेडखाली, जमिनीतच बांधलेले!" मुलगा त्याची बाही ओढत होता. वकिलाने कपाळाला हात लावला. अध्यक्षबाईंनी कारकुनाला विचारलं, "लिहिलंत का?" कारकून म्हणाला, "लिहिलं."

त्या पाचांतल्या दोन हौदांचा पत्ता ताईलाही नव्हता. नकाशा कुणाकडेच नव्हता. ठरलं असं की सगळी विषारी माती काढल्याशिवाय पाया घालायचा नाही, आणि गाडलेले हौद व सांडपाण्याचे खड्डे कुठे आहेत ते मालकाने स्वतः येऊन दाखवायचे, कारण दुसऱ्या कुणाला ते ठाऊकच नाहीत. दर गुरुवारी त्याला तिथे आणतात. तोंडाला मुखपट्टी लावून खड्ड्याच्या काठाशी खुर्चीत बसवतात आणि तो काठीने दाखवतो, इथे, तिथे. खालून हिरवी-पिवळी माती निघते. ताई गुरुवारी रजा टाकते आणि रस्त्याच्या पलीकडे उभी राहून सगळं बघते. माझं दुकान असतं म्हणून, नाहीतर मीही गेले असते.

गेल्या महिन्यात कळलं की म्हातारा बाथरूममध्ये पडला, दवाखान्यात आहे. मला, खरं सांगते, आनंद झाला. भोग म्हटलं! ताईला सांगितलं तर तिचा चेहरा पांढराफटक. पाचवा हौद अजून सापडायचा होता. तिला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही, तिसऱ्या दिवशी मला घेऊन दवाखान्यात गेली.

भेटायची वेळ होती, पण त्याच्याकडे कुणी आलेलं नव्हतं. म्हातारा उशांना टेकून बसल्या बसल्या झोपला होता, नाकात नळी. ताई दाराच्या काचेतून बघत राहिली, बराच वेळ. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं, विरघळतेय की काय. शेवटी बापासारखं कुणी बसून झोपलेलं बघितलं की माणसाला काहीतरी होणारच. खरंतर विरघळले मीच, आणि मला माझाच राग आला.

सिस्टर बाहेर आल्या. "तुम्ही नातेवाईक का?"

"नाही. त्यांच्या कारखान्यातली ओळख," ताई म्हणाली. "वाचतील ना ते?"

"वाचतील. काळजी करू नका."

"त्यांना चांगलं खायला घाला," ताई म्हणाली. "औषधाला हयगय करू नका. गुरुवारी त्यांना कामावर यायचंय."

सिस्टरने बरं म्हटलं, आणि ताई बसस्टॉपकडे निघाली.